समुद्रपाखरांची सखी

समुद्रकिनारी लाट मागे सरली की ओल्या वाळूवर मूठभर आकाराची पांढुरकी पाखरं तुरुतुरु धावत पाण्यामागे जातात. चोचीनं भराभर काहीतरी टिपतात आणि पुढची लाट फुटली की तितक्याच घाईनं मागे पळतात. दिवसभर हाच खेळ! कोकणातल्या मैत्रिणींना हे दृश्य नवीन नाही. थंडीत आपल्याकडे पाहुणी म्हणून येणारी आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला परतणारी ही पाखरं. त्यांना सँडरलिंग म्हणतात. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा जीव, पण उन्हाळा आला की पार उत्तर ध्रुवाजवळच्या माळरानांपर्यंत अंडी घालायला जातो.

याच पाखरांच्या मागे वाळूत तासन् तास बसून राहणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिच्या घरात खाणारी तोंडं चार आणि कमावणारी ती एकटी. लग्न नाही, मोठा पैसा नाही, कुणाचं पाठबळ नाही. पण पुढे याच बाईच्या एका पुस्तकानं बलाढ्य रासायनिक कंपन्यांची झोप उडवली आणि साऱ्या जगाला पर्यावरणाचा विचार करायला लावला. रेचल कार्सन तिचं नाव.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा. पेनसिल्व्हानिया राज्यातलं स्प्रिंगडेल हे तिचं गाव. समुद्रापासून शेकडो मैल दूर. घर लहानसं, भोवती शेत आणि फळबाग. वडिलांचा कुठल्याच धंद्यात जम बसला नाही, त्यामुळे चणचण कायमची. आई मरिया शिकलेली होती. लग्नाआधी शाळेत शिकवायची, लग्न झालं आणि नोकरी सुटली. त्या काळी तिकडेही तसंच होतं बरं का! पण मरियानं आपलं सगळं शहाणपण धाकट्या लेकीला दिलं. तिला घेऊन ती रानात हिंडायची, पाखरांचे आवाज ओळखायला शिकवायची. घरात किडा शिरला तर न मारता बाहेर सोडून द्यायचा, हा तिचा शिरस्ता. रेचलला लिहायचा नाद लहानपणापासूनचा. अकराव्या वर्षी मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकात तिची गोष्ट छापून आली.

मुलीला कॉलेजात घालायचं तर पैसे कुठून आणायचे? मरियानं घरची सफरचंदं विकली, कोंबड्या विकल्या, शेवटी कपाटातली चिनीमातीची चांगली भांडीसुद्धा विकली. आपल्याकडे आई लेकीच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडते ना, तसंच हे. रेचल लेखिका व्हायचं म्हणून इंग्रजी घेऊन शिकायला लागली होती. पण मेरी स्किंकर नावाच्या बाईंचा जीवशास्त्राचा तास तिला इतका आवडला, की तिनं विषयच बदलला. मुलीच्या जातीनं विज्ञान शिकून करायचं काय, असं म्हणणारे तेव्हा ढिगानं होते. तिनं ऐकलं नाही. १९२९ साली ती पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत काही आठवडे शिकायला गेली. तिथं तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हा ती २२ वर्षांची होती. तोपर्यंत समुद्र फक्त पुस्तकात भेटलेला. भेट झाली आणि मग ती ओढ मरेपर्यंत सुटली नाही.

१९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.ए. झाली. पुढे डॉक्टरेट करायची होती. पण ती जगभरातल्या मंदीची वर्षं. घरची परिस्थिती बिकट, म्हणून १९३४ मध्ये ते शिक्षण सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. रेचलनं सरकारच्या मत्स्य विभागात रेडिओसाठी लिहायचं काम धरलं. समुद्रातल्या जीवांवर सात-सात मिनिटांचे ५२ कार्यक्रम होते. आधीच्या लोकांना ते जमले नव्हते, हिला जमले, कारण विज्ञान कळत होतं आणि गोष्ट सांगताही येत होती. १९३६ मध्ये परीक्षा देऊन ती त्याच विभागात कायमची नोकरीला लागली. तिथं शास्त्रज्ञाच्या पदावर घेतलेली ती दुसरीच स्त्री. आणि लगेच १९३७ मध्ये थोरली बहीण मॅरियन वारली. तिच्या दोन मुली पोरक्या झाल्या. त्या दोघींना रेचल आणि मरियानं पोटाशी धरलं. दिवसा नोकरी, संध्याकाळी मुली आणि घर, सगळे झोपले की लेखन. वेळ मिळत नाही, ही आपली नेहमीची तक्रार, हो ना? तिनं लेखनासाठी झोपेतला वेळ काढला. सुरुवातीच्या लेखांवर ती आर. एल. कार्सन असं नाव घालायची. लिहिणारा पुरुष आहे असं वाटलं तर लोक विज्ञानावरचं लेखन गंभीरपणे घेतील, असा तो हिशेब!

१९३८ च्या उन्हाळ्यात ती आई आणि भाच्यांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या बोफर्ट या बंदरगावी सुटीला गेली. सुटी कसली, वही घेऊन वाळूत बसणंच ते. भरतीला काय होतं, ओहोटीला काय होतं, कुठलं पाखरू कधी उतरतं, ती टिपून ठेवायची. पाणथळीचे पक्षी पाहायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे लक्ष ठेवावं लागतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पाखरं चोची खुपसून किडे, शिंपले, बारके खेकडे खात दूरवर पांगलेली असतात. पाणी चढायला लागलं की ती उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर एकत्र गोळा होतात आणि मग आपल्याला जवळून दिसतात. हे सगळं निरीक्षण तिच्या पहिल्या पुस्तकात उतरलं. ते ‘अंडर द सी-विंड’, १९४१ चं.

या पुस्तकात माणूस नायक नाहीच. सुरुवात होते ती रात्रीच्या खाडीत पाणी चिरत उडणाऱ्या एका पक्ष्यानं. आपल्या पाणचिऱ्याचाच तो भाऊबंद. त्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते आणि ती पाण्यात बुडवून तो उडता उडताच मासा धरतो. आणि मग येते सँडरलिंगची जोडी. वसंत ऋतूत दक्षिण अमेरिकेतून निघालेले त्यांचे थवे किनाऱ्या-किनाऱ्यानं वर सरकतात. कुठं चार दिवस थांबतात, पोटभर खातात, अंगावर चरबी साठवतात आणि एका रात्री उडून जातात. ती चरबी म्हणजे त्यांची प्रवासाची शिदोरी. ध्रुवाजवळ पोचतात तेव्हा तिथं अजून बर्फ असतो. पिल्लं काढायला जेमतेम काही आठवडे मिळतात. उशीर झाला तर सगळं फुकट. म्हणून तर वाटेतला एकेक मुक्काम मोलाचा. त्यांना उडताना पाहून आपल्याला मौज वाटते, पण त्यांचं सगळं गणित या दिवसांवर उभं असतं, हे रेचलनं साध्या वाचकाला समजावून सांगितलं.

पुस्तक १ नोव्हेंबरला बाजारात आलं. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पाखरांची गोष्ट वाचायला कुणाला सवड होती? पहिल्या काही वर्षांत दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. रात्री जागून लिहिलेलं पुस्तक असं वाया गेलं. दुसरी कुणी असती तर लेखणी ठेवून दिली असती.

रेचल नोकरी करत राहिली. तिच्या विभागाचं आता मत्स्य आणि वन्यजीव सेवा असं नाव झालं होतं. सरकारनं किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा पाखरांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या कशासाठी, हे लोकांना कळावं म्हणून तिनं पुस्तिकांची मालिका काढली. त्यातली पहिली, १९४७ ची, व्हर्जिनियातल्या चिंकोटीग या पक्षी राखीव क्षेत्रावरची. ती लिहिण्यासाठी ती स्वतः चिखल तुडवत तिथं हिंडली. खाजण म्हणजे पडीक जमीन, तिच्यावर भराव घाला आणि वापरा, अशी तेव्हाची समजूत. आपल्याकडे ती अजून पुरती गेलेली नाही! रेचलचं म्हणणं असं, की या जागा म्हणजे प्रवासी पाखरांच्या धर्मशाळा. वाटेतली एक धर्मशाळा बुजवली तर वाटसरू उपाशी पुढे कसा जाणार? १९४९ पर्यंत ती विभागाच्या सगळ्या प्रकाशनांची मुख्य संपादक झाली होती.

१९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ आलं आणि तिचं नशीब पालटलं. ८६ आठवडे ते सर्वाधिक खपाच्या यादीत होतं. दहा वर्षं धूळ खात पडलेलं पहिलं पुस्तकही पुन्हा छापलं गेलं आणि या खेपेला तेही खूप खपलं. १९५२ मध्ये तिनं नोकरी सोडली. मेन राज्यात साउथपोर्ट बेटावर खडकाळ किनाऱ्याला लागून छोटंसं घर बांधलं. तिथं शेजारच्या डोरोथी फ्रीमनशी जिवाभावाची मैत्री जडली. दोघींनी एकमेकींना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली.

आता जरा सुखाचे दिवस आले असं वाटत असतानाच १९५७ मध्ये धाकटी भाची मार्जोरी वारली. तिचा मुलगा रॉजर पाच वर्षांचा. मुलाचं करणार कोण? रेचल तेव्हा पन्नाशीला टेकलेली, आई नव्वदीकडे झुकलेली. तरी तिनं रॉजरला दत्तक घेतलं. हा तिचा नातूच म्हणायचा. तो वीस महिन्यांचा असल्यापासून ती त्याला पांघरुणात गुंडाळून रात्रीच्या समुद्रावर नेत असे. मुलांना नावं पाठ करून घेण्यापेक्षा आधी नवल वाटू द्यावं, असं तिनं एका बायकांच्या मासिकात १९५६ मध्ये लिहिलं होतं. आईबापांना फार माहिती नसली तरी चालेल, मुलाबरोबर उभं राहून पाहणारं एक मोठं माणूस हवं, हा त्याचा गाभा.

जानेवारी १९५८. ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचं पत्र आलं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर डक्सबरी इथं ओल्गा आणि तिच्या नवऱ्यानं आपल्या जागेत पाखरांसाठी छोटं अभयारण्य केलं होतं. डास मारण्यासाठी त्या भागावर विमानातून डीडीटी फवारलं गेलं आणि तिच्या अंगणातली पाखरं तडफडून मेली. पाणी प्यायच्या भांड्यापाशी, दाराशी, चोची वासलेली पाखरं पडली होती. यावर कुणाला सांगायचं, एवढंच ओल्गाला विचारायचं होतं.

रेचलला हा धोका ठाऊक होता. १९४५ मध्येच तिनं एका मोठ्या मासिकाला डीडीटीवर लेख देऊ केला होता, त्यांनी नको म्हटलं होतं. आता दुसऱ्या कुणी लिहावं म्हणून तिनं प्रयत्न केले. कुणी तयार होईना. शेवटी तीच बसली. चार वर्षं ती अहवाल वाचत होती, शास्त्रज्ञांना पत्रं पाठवत होती, पुरावा जुळवत होती. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. १९६० मध्ये स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तिला खरं काय ते सांगितलंच नाही. वर्षअखेर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा कळलं की कर्करोग पसरलाय. मग किरणोपचार, सांधेदुखी, आणि १९६१ च्या सुरुवातीला डोळ्यांना सूज येऊन काही आठवडे वाचताही येईना. तेव्हा तिची सहायक तिला मजकूर वाचून दाखवायची आणि ती ऐकून दुरुस्त्या सांगायची.

२७ सप्टेंबर १९६२ ला ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं. नावाचा अर्थ, मुका वसंत. वसंत ऋतू यावा आणि एकाही पाखराचा आवाज नसावा, ही त्यामागची भीती.

तिनं सांगितलेलं एक उदाहरण फार बोलकं आहे. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथं चिलटांचा त्रास होता म्हणून १९४९ पासून तीनदा डीडीटीचंच भावंड असलेलं औषध पाण्यात सोडलं. प्रमाण किती? पहिल्या वेळी सात कोटी भाग पाण्याला एक भाग! इतक्यानं काय होतंय, असंच कुणालाही वाटेल. पण पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांनी ते साठवलं, ते जीव माशांनी खाल्ले, मासे ग्रीब नावाच्या पाणपक्ष्यांनी खाल्ले. दर पायरीला विष वाढत गेलं. पाण्यात दहा लाख भागांत एक पन्नासांश भाग होतं, ते पाखरांच्या चरबीत १६०० भागांपर्यंत पोचलं. तळ्यावर पूर्वी हजारावर जोड्या घरटी करत. १९६० पर्यंत तीसेक उरल्या. असं विष वाहून जात नाही, चरबीत मुरून राहतं आणि मोठ्या जिवात जास्त साठतं. माणूसही त्याच साखळीत शेवटी बसलेला आहे. आईच्या दुधापर्यंत डीडीटी पोचल्याचं तिनं पुराव्यानिशी दाखवलं.

मग काय, हल्ला सुरू झाला. एका कंपनीनं प्रकाशकाला दाव्याची धमकी दिली. कुणी तिला मांजरं नि पाखरं पाळणारी भावनाविवश बाई ठरवलं, कुणी कम्युनिस्ट म्हटलं. जिला मूलबाळ नाही तिला पुढच्या पिढ्यांची एवढी काळजी कशाला, इथपर्यंत मजल गेली. तिनं खालच्या पट्टीत, शांतपणे, पुराव्यानं उत्तर दिलं. सगळी औषधं बंद करा, असं तिनं म्हटलंच नव्हतं. रोगराई हटवायला नको, असंही तिचं म्हणणं नव्हतं. परिणाम न तपासता, लोकांना न विचारता वाटेल तिथं फवारणी करू नका, आणि उगाच फवारत राहिलात तर डास-किडे औषधाला दाद देईनासे होतील, हा तिचा इशारा होता. पुढे मलेरियाच्या डासांच्या बाबतीत तेच झालं.

या सगळ्या काळात आपण आजारी आहोत हे तिनं बाहेर कळू दिलं नाही. स्वतःच्या दुखण्याच्या रागातून लिहिलं, असं म्हणायला विरोधकांना जागा मिळू नये म्हणून. उपचारांनी केस गेले होते, टोप घालून ती टीव्हीसमोर बसली. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीचा अहवाल आला, त्यानं तिचं म्हणणं बव्हंशी उचलून धरलं. जूनमध्ये तिनं सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली.

ऑक्टोबर १९६३ मध्ये ती कॅलिफोर्नियात भाषणाला गेली. चालणं होत नव्हतं, चाकाच्या खुर्चीतून तिनं म्यूर वुड्सचं जंगल पाहिलं. परतताना समुद्राजवळच्या रोडिओ लगूनपाशी तिला तपकिरी पेलिकनचा थवा दिसला. या पेलिकनच्या वाट्याला पुढे काय आलं, ते ऐका. मासे खाऊन डीडीटी अंगात साठलं की अंड्याचं कवच पातळ होतं, आई उबवायला बसली की तिच्याच वजनानं अंडं फुटतं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाकापा बेटावर शेकडो घरट्यांतून जेमतेम एक पिल्लू निघालं. आईच्या उबेनंच अंडं फुटावं, याहून वाईट काय असेल?

ते पाहायला रेचल नव्हती. १४ एप्रिल १९६४ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी ती गेली. थवे उत्तरेला निघतात तोच महिना. तिच्या अस्थींचा काही भाग डोरोथीनं साउथपोर्टच्या समुद्रात सोडला.

१९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीच्या वापरावर जवळपास पूर्ण बंदी आणली. पेलिकन सावरले, २००९ मध्ये ते धोक्याच्या यादीतून बाहेर आले. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या अलास्का सोडून १९६३ मध्ये ४१७ जोड्या उरल्या होत्या, २००७ पर्यंत त्या दहा हजारांच्या घरात गेल्या. मेनमधल्या पाणथळ राखीव क्षेत्राला आणि बोफर्टच्या त्याच बेटांना आज रेचलचं नाव आहे. तिथं अजून सँडरलिंग उतरतात.

आपल्याकडेही असं घडलंय. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं जवळजवळ संपली, तेव्हा २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद करावं लागलं. बचत गटाच्या बैठकीत कीटकनाशकांचा विषय काढला की बायका आधी हसतात. मग एकेक आठवतं. फवारणीच्या पंपाची घागर विहिरीवर धुतलेली, औषधाचा रिकामा डबा घासून त्यात डाळ भरलेली. असा डबा पुन्हा वापरायचा नाही, पंप पाणवठ्यावर धुवायचा नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

आणि यंदा मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्याजवळ असाल, तर पाणी चढायच्या तासभर आधी मुलांना घेऊन खाडीवर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. पांढुरकी पाखरं तांबूस होऊ लागली असतील, तर समजा ती निघायच्या बेतात आहेत. त्यांना उडवू नका, कुत्रं मागे सोडू नका. पुढचा प्रवास फार लांबचा आहे, त्यांना पोटभर खाऊ द्या.